जुन्या डीप फ्रीझरचा घरगुती सोडा-सरबताचा नळ: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

गणपतीचे पाच दिवस आमच्या गिरगावच्या घरात माणसांची रीघ असते. घरचा फ्रीज तेव्हा दूध, नारळाचा चव, दुर्वा आणि फुलांनी भरलेला असतो, आणि येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी गार हवं असतं. पूर्वी आम्ही सोड्याच्या बाटल्या खोक्यांनी आणायचो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रिकाम्या प्लास्टिकच्या गोण्या जिन्यात उभ्या राहायच्या, ते बघून मला दरवर्षी वाईट वाटायचं. चार वर्षांपूर्वी मी एक जुना आडवा डीप फ्रीझर आणला आणि त्याला तीन नळ बसवले. आता एका नळातून साधा सोडा येतो, दुसऱ्यातून फसफसतं कोकम, तिसऱ्यातून नुसतं गार पाणी. गेल्या चार वर्षांत आमच्याकडे सोड्याची एकही बाटली विकत आली नाही. ज्यांनी हातात कधी ड्रिल धरलेलं नाही त्यांनाही हे जमावं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

ही कल्पना मुळात बिअर करणाऱ्या हौशी लोकांची. केग म्हणजे दाबाखाली पेय साठवायचं बंद पिंप; केग आणि फ्रीझर मिळून इंग्रजीत तिला ‘कीझर’ म्हणतात. आपल्याकडे एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या: महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे. मी तो नाद केला नाही. पण केगची यंत्रणा, म्हणजे गॅसच्या दाबाने पेय नळीतून नळापर्यंत ढकलणं, सोड्याला तेवढीच लागू पडते. किंबहुना या कामाला वापरतात ते १९ लिटरचे उभे स्टीलचे केग मुळात कोल्ड्रिंकच्या धंद्यासाठीच बनले होते. पेप्सीवाल्यांच्या केगची जोडणी एका प्रकारची, कोका-कोलावाल्यांची दुसऱ्या. त्यांना आजही बॉल लॉक आणि पिन लॉक म्हणतात. केग घेताना सगळे एकाच प्रकारचे घ्या, नाहीतर जोडण्या अदलाबदल होत नाहीत.

फ्रीझर शोधताना

आडवाच घ्यायचा, वरून उघडणारा. थंड हवा जड असते. उभ्या फ्रीजचं दार उघडलं की ती पायाशी सांडते, आडव्याचं झाकण उघडलं तरी विहिरीतल्या पाण्यासारखी आतच राहते. काचेच्या झाकणाचे आइस्क्रीमवाले फ्रीझर स्वस्त मिळतात, पण काचेतून थंडी जाते आणि सरकतं झाकण चौकटीवर नीट बसत नाही. पत्र्याचं, बिजागरीचं झाकण हवं.

मुंबईत असे फ्रीझर सतत विकायला निघतात. डेअरी बंद होते, केटरर जागा बदलतो, मासेवाले मोठं मशीन घेतात. मी चोरबाजारात आणि कुर्ल्यात फिरले, शेवटी ओळखीतून एका केटररकडून घेतला. त्याआधी एकदा फसगत झाली होती, ती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. एका दुकानात मशीन लावून दाखवलं, वीस मिनिटांत आतल्या भिंतीला बर्फाची पावडर धरली. दुकानदार म्हणाला, “मॅडम, गॅस फुल है, आँख बंद करके ले जाओ.” मी पैसे देऊन आले. घरी चौथ्या दिवशी थंडावा संपला. कुठेतरी बारीक गळती होती आणि विकण्यापुरता गॅस भरला होता.

तेव्हापासून माझा नियम असा: किमान तीन तास चालू ठेवून बघायचं. सोबत साधा डिजिटल थर्मामीटर न्यायचा. रिकामा फ्रीझर तेवढ्या वेळात उणे १० च्या खाली गेला पाहिजे आणि भिंतीवर दहिवर चारी बाजूंनी सारखं धरलं पाहिजे. अर्ध्या भिंतीवर दहिवर आणि अर्धी कोरडी असेल तर गॅस कमी आहे, सोडून द्या. मग झाकणाचं रबर. दहाची नोट झाकणात अर्धी अडकवा आणि ओढा. तिने थोडी ओढ धरली पाहिजे. चारी कडांना, कोपऱ्यांना विशेष, हे करा. रबर बदलून मिळतं, त्यामुळे तेवढ्यासाठी चांगलं मशीन नाकारू नका. तळाचा पत्रा मात्र उलटून बघाच. समुद्राच्या हवेने तिथे गंज धरतो आणि बोट लावल्यावर पापुद्रा निघाला तर आत पाणी शिरलेलं आहे.

मासे ठेवलेला फ्रीझर असेल तर वास लगेच कळतो. तो जातो, पण वेळ घेतो. आधी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून सगळं पुसायचं, मग व्हिनेगरचा हात, मग झाकण उघडं टाकून दोन-तीन दिवस वारा. तळाच्या पाणी जायच्या भोकाचं बूच काढून तिथलं धुवायला विसरू नका, वासाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

माप घेताना फक्त फ्रीझरचं घेऊ नका. इमारतीच्या लिफ्टच्या दाराचं, जिन्याच्या वळणाचं आणि स्वतःच्या दाराचंही घ्या. आमच्या लिफ्टची जाळी ओढून जेमतेम दोन फूट फट राहते. आत बघायचं ते केगसाठी. बॉल लॉकचा केग साधारण २२ सेंटीमीटर जाडीचा आणि ६३ सेंटीमीटर उंच असतो, वरून जोडणी आणि नळीच्या वळणाला आणखी ५-६ सेंटीमीटर लागतात. फ्रीझरच्या एका बाजूला आत पायरीसारखा उंचवटा असतो, त्याखाली कॉम्प्रेसर असतो. तिथे केग बसत नाही, पण सोड्याला लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसची बाटली छान बसते. पुठ्ठ्याच्या २२ सेंटीमीटरच्या गोल चकत्या कापून न्या आणि तळाशी मांडून बघा. मापाच्या पट्टीपेक्षा हे खात्रीचं.

टेम्पोतून आणताना फ्रीझर उभाच, म्हणजे त्याच्या नेहमीच्या स्थितीत, आणा. कुशीवर झोपवावा लागला तर घरी आणल्यावर नेहमीच्या स्थितीत निदान रात्रभर ठेवून मग प्लग लावा. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत खाली यायला हवं.

भिंतीला भोक नाही

या सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: फ्रीझरच्या भिंतीला कधीही भोक पाडायचं नाही. उभ्या फ्रीजला मागे दिसते तशी जाळी याला नसते. गॅसच्या नळ्या चारी भिंतींच्या पत्र्याआड, फोमच्या आत वळसे घेत फिरतात. थंडीच्याही आणि उष्णतेच्याही. ड्रिलचं टोक त्यातल्या एकीला लागलं की फ्रीझर कायमचा संपला. शिवाय अलीकडच्या मशीनमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, जो पेट घेतो. मागच्या पट्टीवर कोणता गॅस ते लिहिलेलं असतं, वाचून ठेवा.

मग नळ बसवायचे कुठे? झाकण आणि पेटी यांच्या मध्ये लाकडाची चौकट बसवायची आणि सगळी भोकं त्या चौकटीत पाडायची. त्याने आतली उंचीही वाढते. माझ्या फ्रीझरची खोली ६२ सेंटीमीटर होती, म्हणजे केग उभा राहिला की झाकणच लागत नव्हतं. १५ सेंटीमीटरच्या फळीने तो प्रश्न सुटला.

चौकट

लाकूड कोणतं, याचा मी बराच विचार केला. पाइन स्वस्त आहे पण आपल्या पावसाळ्यात फुगतं. चांगला मरीन प्लाय चालतो, फक्त कापलेल्या कडा नीट बंद कराव्या लागतात. सगळ्यात उत्तम म्हणजे जुनं सागवान. चाळी पाडल्या की त्यांची बर्मा सागाची तुळया-दारं लाकूडवाल्यांकडे येतात. शंभर वर्षं वाळलेलं ते लाकूड आता हलत नाही, वाकत नाही. माझी चौकट आमच्याच जुन्या चाळीच्या दाराच्या चौकटीतून कापून घेतली आहे. सुतारकाकांनी रंधा मारला तेव्हा वरचा काळा थर गेला आणि खालून मधासारखा रंग आणि तेलाचा वास वर आला. त्यावर वेगळा रंग द्यायची मला इच्छाच झाली नाही.

फळी ३ सेंटीमीटर जाड पुरते. चौकटीचं बाहेरचं माप फ्रीझरच्या वरच्या कडेएवढं. कोपरे काटकोनात आहेत का ते बघायला दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे आले पाहिजेत. मिलिमीटरचा फरक पडला तरी झाकणाचं रबर एका कोपऱ्यात उचललं जातं आणि तिथून रात्रंदिवस दमट हवा आत येते. कोपऱ्यांना आतून लोखंडी एल-पट्ट्या नकोत, त्या गंजतात. स्टीलच्या घ्या.

आता झाकण. मागच्या बिजागऱ्या काढायच्या आधी दोघं हवेत. काही बिजागऱ्यांत ताठ स्प्रिंग असते. झाकण लावलेलं असताना ती दाबलेली असते आणि स्क्रू सुटल्याबरोबर जोरात उघडते. झाकण पूर्ण उघडून, स्प्रिंग सैल झालेली असताना, एकाने झाकण धरायचं आणि दुसऱ्याने स्क्रू काढायचे. मग चौकट पेटीवर ठेवून त्याच बिजागऱ्या चौकटीच्या मागच्या फळीला लावायच्या. चौकट खाली पेटीला चिकटवायची ती सिलिकॉनने, बुरशीरोधक सिलिकॉन मागा, बाथरूमच्या टाइल्सना वापरतात तो. पूर्ण दिवस वाळू द्या. खिळे, स्क्रू पेटीत मारायचे नाहीत, कारण वर सांगितलंच.

लाकडाला आतून बाहेरून पीयू पॉलिशचे तीन हात. मग आतल्या बाजूने दोन-अडीच सेंटीमीटर जाड दाट फोमची पट्टी चिकटवायची. साध्या थर्माकोलच्या गोळ्या सुटतात आणि तो पाणी धरतो, म्हणून थोडे जास्त पैसे गेले तरी एक्सपीएस शीट घ्या.

नळांची भोकं समोरच्या फळीत, एकमेकांपासून १० सेंटीमीटर अंतरावर. नळाच्या मागे जी आटे असलेली नळी फळीतून आरपार जाते तिला शँक म्हणतात. तिचा व्यास २२ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणून २४-२५ मिलिमीटरचा होल-सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत. लाकूड आणि फोम मिळून साडेपाच सेंटीमीटर होतात, तेव्हा १० सेंटीमीटर लांबीची शँक घ्यावी लागते. हे न बघता मागवलं तर आतली नटच बसत नाही. भोक बाहेरून आत पाडताना मागे फळकूट धरा, नाहीतर शेवटच्या क्षणी सागाची कपची उडते.

वीज आणि थंडी

डीप फ्रीझर उणे १८ अंशांसाठी बनलेला आहे. त्याची स्वतःची खुंटी कितीही कमी केली तरी सोडा गोठतोच. म्हणून बाहेरून टेम्परेचर कंट्रोलर लावायचा. त्याचं काम साधं: आतला सेन्सर तापमान सांगतो, हवं तेवढं गार झालं की कंट्रोलर फ्रीझरची वीज तोडतो, पुन्हा तापलं की जोडतो. लॅमिंग्टन रोडला एसटीसी-१००० नावाचा छोटा कंट्रोलर सहज मिळतो. २२० व्होल्टचाच मागा, १२ आणि २४ व्होल्टचेही असतात आणि दिसायला सारखेच असतात. त्याच्या मागे आठ खुंट्या आहेत: १-२ वीज, ३-४ सेन्सर, ५-६ तापवण्यासाठी, ७-८ गार करण्यासाठी. आपल्याला ५-६ लागत नाहीत. हे जोडकाम डबीत बंद करून इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. ज्यांना तारांना हातच लावायचा नाही त्यांनी प्लग आणि सॉकेट लावलेला तयार कंट्रोलर घ्यावा, थोडा महाग पडतो पण निर्धास्त.

सेटिंग चारच आहेत. एफ-१ म्हणजे हवं ते तापमान, मी ४ ठेवते. एफ-२ म्हणजे किती वाढल्यावर पुन्हा सुरू व्हायचं, तिथे १. म्हणजे ५ अंशांना कॉम्प्रेसर सुरू होतो आणि ४ ला बंद. एफ-३ म्हणजे बंद झाल्यावर पुन्हा सुरू व्हायच्या आधी थांबायची मिनिटं. ही जास्तीत जास्त, म्हणजे १० ठेवा. कॉम्प्रेसर लगेच लगेच चालू-बंद झाला की त्याचं आयुष्य कमी होतं. एफ-४ ने सेन्सरची चूक दुरुस्त करता येते. फ्रीझरची स्वतःची खुंटी सगळ्यात थंडवर ठेवायची, म्हणजे ती मध्ये पडत नाही.

सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला तर झाकण उघडताच कॉम्प्रेसर धावतो. तो केगच्या अंगाला, मध्यावर, टेपने चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा लावा. आपल्याला हवेचं नाही, आतल्या सोड्याचं तापमान हवं आहे. पहिले दोन दिवस पेल्यात पाणी ठेवून तळाशी बर्फ धरतो का बघत राहा. कॉम्प्रेसर थांबल्यावरही भिंती काही वेळ थंडी सोडत राहतात.

आत एक कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा लावला तर खूप फरक पडतो. पंख्याशिवाय तळाला २ अंश आणि वर नळांपाशी १० असं होतं, आणि गरम शँकमधून आलेला पहिला अर्धा पेला नुसता फेस असतो. पंखा तळाकडून वर वारा देईल असा तिरका ठेवा.

अर्थिंगबद्दल आग्रहाने सांगते. जुन्या इमारतींत थ्री-पिन सॉकेट असतं पण तिसऱ्या पिनमागे तार नसते. इथे धातूची पेटी आहे, आत ओल आहे, समोर ओल्या हाताने नळ उघडणारी मुलं आहेत. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि त्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच, बसवा. यात काटकसर करू नका.

गॅस

पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरतो म्हणून सोडा होतो, आणि तो गार पाण्यातच नीट मुरतो. ४ अंशांच्या पाण्यात ३० अंशांच्या पाण्यापेक्षा, दाब तोच असताना, दुपटीहून जास्त गॅस विरघळतो. म्हणून कोमट पाणी केगमध्ये भरून दाब वाढवत बसू नका. आधी पाणी रात्रभर गार, मग गॅस. या एका गोष्टीने अर्धे प्रश्न सुटतात.

गॅस खाद्य दर्जाचाच मागा. २ किलोची बाटली घरी पुरते. बाटलीच्या मानेवर शेवटच्या चाचणीची तारीख ठोकलेली असते. दर ५ वर्षांनी ती चाचणी व्हावी लागते, जुनी तारीख असेल तर बाटली घेऊ नका. दोन गोष्टी लोक हमखास सुचवतात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. आग विझवायचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वापरायचा नाही. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते, ती वायू नाही तर द्रव बाहेर काढते. आणि वेल्डिंगचा रेग्युलेटर लावायचा नाही. बरेचसे वेल्डिंगचे रेग्युलेटर मिनिटाला किती लिटर वायू वाहतो ते मोजतात, आपल्याला दाब मोजणारा हवा, शिवाय सुरक्षेची झडप असलेला.

बाटलीवरच्या मोठ्या काट्याकडे बघून गॅस किती उरला ते कळत नाही. आत द्रव असेपर्यंत काटा तापमानाप्रमाणे हलतो: ३० अंशांना ७० बारच्या वर, ४ अंशांना ३९ च्या आसपास. द्रव संपला की मग तो एकदम पडतो. गॅस किती आहे हे वजनावरूनच कळतं, रिकाम्या बाटलीचं वजन तिच्यावर कोरलेलं असतं. मे महिन्यात आपल्या घरांत ३१ अंशांच्या वर जातं, तेव्हा बाटलीत द्रव असा राहतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. म्हणून बाटली कधी खिडकीच्या उन्हात नको. मी ती फ्रीझरच्या आत, उंचवट्यावर, उभी पट्ट्याने बांधून ठेवते.

जोडून झालं की साबणाचं पाणी. भांडी घासायच्या साबणाचा दाट फेस करून ब्रशने प्रत्येक जोडाला लावायचा, आणि दोन मिनिटं एकटक बघायचं. मोठी गळती लगेच बुडबुडे देते, बारीक गळती मिनिटभराने मोहरीएवढा एकच बुडबुडा फुगवते. माझी पहिली बाटली एका रात्रीत रिकामी झाली, कारण रेग्युलेटरच्या तोंडाशी वॉशर तिरका बसला होता. त्या रात्री खिडकी उघडी होती. नंतर मी हिशोब केला: २ किलो गॅस म्हणजे हजार लिटरच्या वर वायू. दहा बाय बाराच्या बंद खोलीत तो ३-४ टक्के होतो, आणि एवढ्याने डोकं दुखायला, धाप लागायला लागते. हा वायू हवेपेक्षा जड, त्याला वास नाही आणि तो फ्रीझरच्या पेटीत साठतो. म्हणून रात्री बाटलीची मुख्य चावी बंद, फ्रीझर झोपायच्या खोलीत नको, आणि झाकण उघडल्यावर लगेच डोकं आत घालायचं नाही. आधी थोडा वारा घाला.

पहिला सोडा

केग १७ लिटरपर्यंतच भरा, वर जागा राहू द्या. झाकण बसवा, थोडा दाब द्या म्हणजे रबर गच्च बसेल, मग वरची कडी दोन-तीनदा उचलून आतली हवा बाहेर काढा. हवा राहिली तर सोडा फिका लागतो. साध्या सोड्याला ४ अंशांवर ३० ते ३५ पीएसआय दाब, आणि पाच-सहा दिवस तसाच सोडायचा. घाई असेल तर गॅस चालू ठेवून केग दहा मिनिटं हलवला तरी बराच मुरतो, पण बुडबुडा बारीक हवा असेल तर थांबावं, असा माझा अनुभव आहे. गोटी सोड्याची गोटी ज्या जोराने वर बसलेली असते तो हाच जोर, त्यामुळे केगचं झाकण उघडण्याआधी कडी उचलून दाब पूर्ण सोडायचा. दर वेळी.

कोकमाला एवढा दाब नको, १४-१५ पुरे. म्हणजे दोन वेगळे दाब, म्हणून दोन रेग्युलेटर किंवा एकाच्या पुढे दुसरा छोटा. प्रत्येक गॅसनळीत एकमार्गी झडप बसवा, नाहीतर एखाद्या दिवशी लाल सरबत उलटं चढून रेग्युलेटरमध्ये शिरतं.

कोकमाचा रस मलमलच्या कापडातून दोनदा गाळा. एक साल आत गेली की नळीच्या तोंडाशी झडप चोंदते. मीठ घातलेलं आगळ केगमध्ये भरू नका, त्यातलं मीठ आणि आंबटपणा मिळून स्टीलला बारीक खड्डे पाडतात. गोड अमृत कोकम वापरा, मीठ आणि जिरेपूड पेल्यात घाला. लिंबाचंही तेच: रस दुसऱ्या दिवशी कडवट होतो, म्हणून तो पेल्यातच पिळायचा. सोलकढी तर मुळीच नको, नारळाचं दूध नळ्यांत चिकटून खवट होतं.

पेय आंबट असतं म्हणूनच नळ, शँक, जोडण्या सगळ्या ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या. चकचकीत मुलामा दिलेला पितळेचा नळ नागदेवी स्ट्रीटला स्वस्तात मिळेल, घेऊ नका. आंबट, गॅसवालं पेय पितळेतून-तांब्यातून गेलं की तांबं पोटात जातं आणि उलट्या होतात.

नुसताच फेस येत असेल तर तीन ठिकाणी बघा. एक, नळी आखूड आहे. आतून ५ मिलिमीटर व्यासाच्या नळीची लांबी कोकमाला तीन मीटर आणि सोड्याला सहा-सात मीटर लागते. ही लांबीच दाब खाते आणि पेय शांतपणे बाहेर येतं. वेटोळं करून केगवर ठेवा. दोन, नळ अर्धवट उघडला आहे. तो एका झटक्यात पूर्ण उघडायचा. तीन, शँक गरम आहे, म्हणजे पंखा बंद पडला असेल.

पावसाळ्यातली काळजी

जून ते सप्टेंबर आत पाणी साठतं. झाकण उघडलं की दमट हवा आत जाते आणि भिंतीवर थेंब होऊन उतरते. दर आठवड्याला तळ कोरड्या फडक्याने पुसा. पुन्हा वाळवता येणारं सिलिका जेल अर्धा किलो कापडी पिशवीत घालून टांगा आणि रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवा. झाकणाच्या रबराच्या घडीत काळी बुरशी धरते, तिथे जुना टूथब्रश आणि व्हिनेगर. लाकडाच्या खालच्या सांध्यावर बोट फिरवून बघा, ओलसर लागलं तर तिथला सिलिकॉन सुटला आहे, पूर्ण वाळवून पुन्हा भरा.

नळ्या दर पंधरा दिवसांनी धुवायच्या. रिकाम्या केगमध्ये कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा घालून ते गॅसच्या दाबानेच नळातून बाहेर काढा, मग दोनदा साधं पाणी, मग खाद्य दर्जाचं निर्जंतुक द्रव. ब्लीच नको, त्यातलं क्लोरीन स्टील खातं. नळाचं तोंड रोज रात्री ओल्या फडक्याने पुसून त्यावर कापडी टोपी घाला. गोड पेयाचा थेंब तिथे वाळतो, आणि मुंबईतल्या मुंग्यांना तिसऱ्या मजल्यावरचाही पत्ता सापडतो.

आठवडाभर गावाला जाणार असाल तर कोकमाचा केग रिकामा करून जा. वीज गेली आणि साखरेचं पाणी गरम झालं की ते आंबायला लागतं, आणि आतला दाब आपोआप वाढत जातो. साधा सोडा तसाच राहू द्या, फक्त गॅसची चावी बंद करा.